वाचकांचे प्रश्न : मेंदूचे तरंग, पन्नास हर्ट्झ आणि फसवी अचूकता

या वेळच्या पत्रांत ईईजीबद्दलचे, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. एक पत्र विहिरीवरच्या मोटरपंपाचं आहे. तेही इथेच घेतलं आहे, कारण सेन्सर डोक्यावर असो की बेअरिंगवर, सिग्नलचं गणित तेच राहतं.

प्रश्न (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नांदेड) : शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी ईईजी घ्यायचा आहे. हृदयाच्या ठोक्यांसाठी मिळणारं एडी८२३२ मॉड्यूल, अर्डुइनो उनो आणि कपाळावर ईसीजीचे चिकट पॅच असं जोडलं आहे. स्क्रीनवर फक्त एक जाड पट्टा दिसतो. एफएफटी (सिग्नलमध्ये कोणती वारंवारता किती आहे ते दाखवणारं गणित) घेतल्यावर कधीकधी १० हर्ट्झला शिखर येतं. तो अल्फा तरंग (मेंदूची ८ ते १३ हर्ट्झची लय) धरायचा का?

उत्तर : इतक्यात धरू नका. आधी आकडे मांडून पाहू.

डोक्याच्या कातडीवर ईईजीचा व्होल्टेज साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट असतो. ईसीजी एक मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे दहा ते शंभर पट मोठा. तुमचं मॉड्यूल ईसीजीसाठीच बनलेलं आहे आणि नेहमीच्या जोडणीत ते सिग्नल साधारण ११०० पट मोठा करतं. उनोचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणारा भाग, १० बिटचा आहे. ५ व्होल्टचे १०२४ भाग केले की एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची येते. २० मायक्रोव्होल्टचा अल्फा ११०० पटीने २२ मिलिव्होल्ट होतो, म्हणजे जेमतेम साडेचार पायऱ्या. त्यात अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज आणि घरातली वीज मिसळली की सिग्नल बुडालाच.

पट सरळ दहा हजार करून हे सुटत नाही. इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यामध्ये काही मिलिव्होल्टचा स्थिर व्होल्टेज आपोआप तयार होतो. १० मिलिव्होल्ट गुणिले दहा हजार म्हणजे १०० व्होल्ट, आणि ५ व्होल्टवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर तिथेच एका टोकाला चिकटून बसतो. म्हणून पहिला टप्पा थोड्याच पटीचा ठेवतात, मग हायपास फिल्टरने (फक्त वरच्या वारंवारता जाऊ देणारा) स्थिर व्होल्टेज काढून टाकतात आणि उरलेली वाढ त्यानंतर करतात. दुसरा मार्ग एडीएस१२९९ सारख्या चिपचा. तिच्यात आठ चॅनेल आणि २४ बिटचा एडीसी असतो. २४ पट वाढ आणि ४.५ व्होल्ट संदर्भ ठेवला तर एक पायरी ०.०२२ मायक्रोव्होल्टची पडते आणि तरीही सुमारे १८७ मिलिव्होल्टपर्यंतचा स्थिर व्होल्टेज सोसवतो. प्रोजेक्टला बजेट असेल तर हाच मार्ग घ्या.

आता त्या १० हर्ट्झच्या शिखराकडे येऊ. तुम्ही पाठवलेल्या प्रोग्रॅममध्ये सीरियलचा वेग ९६०० आहे आणि लूपमध्ये वाचन व छपाई एकामागोमाग चालते. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरं जातात. तीन आकडी संख्या आणि ओळ संपल्याच्या दोन खुणा मिळून ५ अक्षरं, म्हणजे सेकंदाला १९२ वाचनं. संख्या चार आकडी झाली की ६ अक्षरं आणि १६० वाचनं. थोडक्यात, तुमचा सॅम्पलिंगचा, म्हणजे सेकंदाला वाचनं घेण्याचा वेग व्होल्टेजप्रमाणे बदलतो आहे. वेग १६० असताना घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा तिसरा गुणक, म्हणजे १५० हर्ट्झ, बरोबर १० हर्ट्झ होऊन दिसतो. एफएफटीला त्यात आणि अल्फात काहीही फरक कळत नाही. एकदा असा घुसलेला तरंग नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने काढता येत नाही. तो एडीसीच्या आधीच अ‍ॅनालॉग फिल्टरने अडवावा लागतो.

तेव्हा टायमर इंटरप्टने अचूक २५० हर्ट्झला वाचन घ्या, सीरियल ११५२०० वर न्या आणि एडीसीच्या आधी ४० ते ५० हर्ट्झच्या आसपासचा लोपास फिल्टर (फक्त खालच्या वारंवारता जाऊ देणारा) ठेवा. मग खरी परीक्षा करा. एक इलेक्ट्रोड डोक्याच्या मागे ओ१ किंवा ओ२ या ईईजीच्या ठरलेल्या जागी, संदर्भ कानाच्या पाळीवर, ग्राउंड कपाळावर. कपाळावरून अल्फा शोधू नका. तो मागच्या बाजूला सर्वांत जोरदार असतो. केस आदल्या रात्री शाम्पूने धुतलेले हवेत आणि तेल अजिबात नको. खोबरेल तेलाचा पातळ थरसुद्धा इलेक्ट्रोडला कातडीपासून तोडतो. भांग पाडून कातडी उघडी करा, स्पिरिटच्या बोळ्याने हलकं घासा, कपासारख्या इलेक्ट्रोडमध्ये ईईजीची पेस्ट भरून दाबून बसवा. ईसीजीचे पॅच केसांवर बसत नाहीत. इम्पिडन्स (इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यामधला विद्युत अडथळा) ५ किलोओहमच्या खाली आला पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या इलेक्ट्रोडचा साधारण सारखा हवा.

एक मिनिट डोळे उघडे, एक मिनिट मिटलेले, असं चार वेळा करा. मिटल्यावर ८ ते १३ हर्ट्झमधलं शिखर ठळक वर येऊन उघडल्यावर बसलं, तर तो अल्फा. दोन्ही वेळी तितकंच राहिलं तर ते विजेचं किंवा सॅम्पलिंगचं भूत आहे. हान्स बर्गर यांनी जर्मनीतल्या येना इथे १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी घेतला आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केला, तरी शास्त्रज्ञ बराच काळ साशंक होते. १९३४ मध्ये केंब्रिजला एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी डोळे उघडताच बसणारी हीच लय पुन्हा दाखवल्यावर शंका मावळली. तुमच्या सर्किटलाही तीच कसोटी लावा.

आणि सुरक्षिततेचं : इलेक्ट्रोड अंगाला लावलेले असताना लॅपटॉपचा चार्जर काढलेला असलाच पाहिजे. सर्किट बॅटरीवर चालवा. विजेवरचा ऑसिलोस्कोप त्या वेळी जोडू नका. यात सूट नाही.

प्रश्न (संशोधक विद्यार्थी, पुणे) : ५० हर्ट्झचा नॉच (एकच वारंवारता कापणारा फिल्टर) लावूनही विजेची गुणगुण जात नाही. कधी घरच्या नोंदींवर, कधी इंटरनेटवरून उतरवलेल्या सीएचबी-एमआयटी या आकडीच्या डेटासंचावर. चूक कुठे आहे?

उत्तर : दोन्हीकडची कारणं वेगळी आहेत. सीएचबी-एमआयटी हा बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातला डेटा आहे आणि अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते. तिथे नॉच ६० ला लावा. परदेशी डेटा हातात आला की पहिल्यांदा पॉवर स्पेक्ट्रम काढून वीज कुठे बसली आहे ते पाहायचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यावाचून पुढचे आठवडे वाया जातात.

घरच्या नोंदीत आधी कच्चा सिग्नल मोठा करून बघा. लाटांचे माथे सपाट कापलेले दिसत असतील तर अ‍ॅम्प्लिफायर भरून गेला आहे. त्या अवस्थेतला ईईजी कायमचा गेलेला असतो. नॉच फक्त नीटनेटकी दिसणारी रेघ देईल. माथे शाबूत असतील तर इलेक्ट्रोड तपासा. अंगावर विजेचा व्होल्टेज सगळीकडे जवळपास सारखाच उतरतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो वजा करतो, पण एका इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स ५ आणि दुसऱ्याचा ४० किलोओहम असेल तर वजाबाकी जुळत नाही आणि ५० हर्ट्झ आत शिरतो. वायरी एकमेकींना पिळून बांधा, ट्यूबलाइट आणि इन्व्हर्टरपासून लांब बसा.

'४० हर्ट्झचा लोपास लावला आहे, मग नॉच कशाला' असंही तुम्ही विचारलं आहे. चौथ्या ऑर्डरचा बटरवर्थ (नेहमीचा एक फिल्टर), ४० हर्ट्झ कटऑफ, २५० हर्ट्झ सॅम्पलिंग असेल तर ५० हर्ट्झ एका फेरीत फक्त तीन-दशांशावर येतो. पुढून आणि मागून असा दोनदा चालवला तर एक-दशांशावर. मुळात वीज १०० मायक्रोव्होल्ट असेल तर १० उरले, म्हणजे लहानशा अल्फाइतके. नॉच हवाच. क्यू (फिल्टरचा अरुंदपणा सांगणारा आकडा) ३० ठेवला तर तो जेमतेम १.७ हर्ट्झ रुंदीची पट्टी कापतो, आजूबाजूचं फारसं बिघडत नाही.

प्रश्न (त्याच पत्रातून) : फिल्टर लावल्यावर प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी मोठी लाट येते. तुकडे ३ सेकंदांचे आहेत.

उत्तर : आधी कापून मग फिल्टर केल्याने हे होतं. क्रम उलटा करा : अखंड नोंदीवर फिल्टर, मग तुकडे. ०.५ हर्ट्झचा हायपास हॅमिंग खिडकीच्या एफआयआर पद्धतीने (ठरावीक लांबीच्या सॅम्पलवर चालणारी), ०.५ हर्ट्झच्या संक्रमणपट्ट्यासह बनवला तर त्याची लांबीच ६.६ सेकंद होते, म्हणजे २५० हर्ट्झला सुमारे १६५० सॅम्पल. ३ सेकंदांच्या तुकड्यात तो मावणारच नाही. नोंदीच्या दोन्ही टोकांचे काही सेकंदही टाकून द्या. आयआयआर फिल्टर (आधीचं आउटपुट पुन्हा वापरणारा, जसा वरचा बटरवर्थ) वापरत असाल तर सायपाय या पायथनच्या लायब्ररीत गुणक एकत्र न घेता 'एसओएस' रूपात, म्हणजे दुसऱ्या ऑर्डरच्या लहान तुकड्यांत घ्या. कटऑफ सॅम्पलिंगच्या मानाने इतका खाली असला की साध्या रूपात अंकगणिताची चूक वाढत जाते आणि आउटपुट भडकतो. पुढून-मागून चालवायची पद्धत फक्त नोंद पूर्ण झाल्यावर वापरा. चालू सिग्नलवर ती शक्य नाही, कारण तिला भविष्यातली सॅम्पल लागतात. रिअल टाइममध्ये एकाच दिशेचा फिल्टर लावायचा आणि त्याचा उशीर मोजून हिशेबात धरायचा.

प्रश्न (फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर) : चार चॅनेलच्या हेडबँडमधून पापण्यांची उघडझाप काढायला आयसीए (मिसळलेले स्रोत वेगळे करणारी पद्धत) वापरलं. पापण्या गेल्या, पण उरलेला सिग्नलही सपाट झाला.

उत्तर : आयसीए जास्तीत जास्त चॅनेल असतील तितकेच स्रोत वेगळे करतं. तुमच्याकडे चार. त्या चारांत पापण्या, कपाळाचे स्नायू, मान, वीज आणि मेंदूतले कितीतरी स्रोत कोंबले गेले. 'पापणीचा' म्हणून एक काढला की त्याच्याबरोबर मेंदूचा मोठा हिस्सा जातो. चार चॅनेलवर ही पद्धत वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी १ ते ४० हर्ट्झ फिल्टर करून ज्या तुकड्यात १०० मायक्रोव्होल्टच्या वर उडी आहे तो तुकडाच टाकून द्या. कपाळावर उघडझाप साधारण या मर्यादेच्या वर जाते आणि सहज पकडली जाते. डेटा कमी होतो, पण उरलेला खरा असतो.

३२ चॅनेल असतील तर आयसीए जरूर वापरा. त्यासाठी डेटाची १ हर्ट्झ हायपास केलेली प्रत घ्या, नाहीतर संथ सरकणारा व्होल्टेजच बहुतेक घटक खाऊन टाकतो. डेटाही पुरेसा हवा. चॅनेलच्या संख्येच्या वर्गाच्या निदान वीसपट सॅम्पल, असा व्यवहारातला अंदाज आहे. ३२ चॅनेलला ते २०,४८० होतात, म्हणजे २५० हर्ट्झला दीड मिनिटाहून थोडं कमी. ६४ चॅनेलला साडेपाच मिनिटं. याहून जास्त मिळाला तर उत्तमच.

प्रश्न (संगणकशास्त्राचे प्राध्यापक, नाशिक) : विद्यार्थ्यांनी सीएचबी-एमआयटी डेटावर आकडी ओळखण्याचं मॉडेल केलं. ४ सेकंदांच्या खिडक्या, निम्म्या एकमेकींवर चढलेल्या, शिकवायला ८० आणि चाचणीला २० टक्के अशी यादृच्छिक विभागणी. अचूकता ९९ टक्क्यांच्या वर. दुसऱ्या मुलाच्या नोंदीवर मात्र काहीच ओळखत नाही.

उत्तर : हा प्रश्न जितक्या लोकांनी विचारायला हवा तितके विचारत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं, विभागणी. खिडक्या निम्म्या एकमेकींवर चढलेल्या आहेत, तेव्हा शेजारच्या दोन खिडक्यांत २ सेकंदांचा सिग्नल अक्षरशः तोच असतो. यादृच्छिक ८०-२० मध्ये एखाद्या चाचणी-खिडकीच्या दोन्ही शेजारणी चाचणीतच पडण्याची शक्यता ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ४ टक्के. याचा अर्थ ९६ टक्के चाचणी-खिडक्यांची एक तरी शेजारीण प्रशिक्षणात बसलेली आहे. मॉडेलने आकडी ओळखायला शिकायची गरजच उरली नाही. शेजार ओळखला की झालं. खिडक्या एकमेकींवर चढवल्या नाहीत तरी हे पूर्ण टळत नाही, कारण त्याच दिवशीचा इलेक्ट्रोडचा बसाव, तेच मूल, तीच झोप दोन्ही बाजूंना असते.

विभागणी मुलांप्रमाणे करा. एक मूल पूर्णपणे बाहेर ठेवायचं, बाकीच्यांवर शिकवायचं, आणि हे प्रत्येक मुलासाठी पुन्हा करायचं. सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीत गट धरून विभागणी करायची सोय आहे. गट म्हणून मुलाचा क्रमांक द्या. या डेटात एक खाचही आहे. मूळ संचात २३ केस (म्हणजे नोंदींचे गट) आणि मुलं २२ आहेत. केस १ आणि केस २१ ही एकच मुलगी आहे, दीड वर्षाच्या अंतराने नोंदलेली. ती दोन्ही बाजूंना पडली तर पुन्हा गळती. सरासरी आणि प्रमाण विचलन काढून केलेलं नॉर्मलायझेशन, वैशिष्ट्यांची निवड, पीसीए (वैशिष्ट्यांची संख्या कमी करणारी पद्धत), सगळं फक्त प्रशिक्षणाच्या भागावर बसवा आणि मग चाचणीवर लावा. संपूर्ण डेटावर एकदा नॉर्मलायझेशन करून मग विभागणी करणं ही चूक बऱ्याच प्रोजेक्टमध्ये सापडते.

दुसरं, अचूकता हा आकडाच इथे निरुपयोगी आहे. या डेटात आकडीचा वेळ एकूण वेळेच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. प्रत्येक खिडकीला 'आकडी नाही' असं सांगणारी एका ओळीची आज्ञावली ९९ टक्क्यांच्या वर जाते. त्याऐवजी तीन गोष्टी सांगा : एकूण आकड्यांपैकी किती पकडल्या, दर तासाला खोटे इशारे किती, आणि आकडी सुरू झाल्यापासून इशाऱ्यापर्यंत किती सेकंद गेले. तासाला तीन खोटे इशारे म्हणजे दिवसाला ७२. असं यंत्र आईवडील दुसऱ्याच दिवशी बंद करून ठेवतील. मॉडेलचं खरं मोल या आकड्यात कळतं.

मुलांप्रमाणे विभागल्यावर निकाल बराच खाली येईल. तो तसाच छापा. आकडीचं स्वरूप मुलागणिक वेगळं असतं, त्यामुळे त्याच मुलाच्या आधीच्या आकड्यांवर शिकवून नंतरच्या ओळखणं हाही रास्त प्रश्न आहे. मात्र तिथे विभागणी काळाप्रमाणे हवी, जुन्या नोंदी शिकवायला आणि नव्या चाचणीला, आणि लेखात तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

प्रश्न (पालक, ठाणे) : मुलगी दहावीला आहे. 'एकाग्रता मोजणारा' कपाळावरचा बँड घ्यावा का? तिला लहानपणी एकदा आकडी आली होती, तेही त्यात कळेल का?

उत्तर : नका घेऊ. कपाळावरच्या इलेक्ट्रोडखाली भुवया उंचावणारा स्नायू असतो आणि त्याचा सिग्नल २० हर्ट्झपासून वर पसरलेला असतो. बँड ज्याला एकाग्रतेचा बीटा (अल्फाहून वेगवान तरंग) म्हणतो त्यातलं किती मेंदूतलं आणि किती आठ्यांचं, हे एका चॅनेलवरून सांगता येत नाही. गणित सोडवताना मुलीने कपाळाला आठ्या घातल्या की आकडा वाढेल. वर तो आकडा तिच्या अभ्यासावरचा शेरा होऊन बसेल, आणि ते तिच्यावर अन्यायाचं आहे.

आकडीसाठी असा बँड अजिबात उपयोगाचा नाही. त्यासाठी न्यूरोलॉजिस्टकडे १०-२० पद्धतीचा (इलेक्ट्रोडच्या जागा ठरवून देणारी), डोकं सगळीकडून झाकणारा ईईजी करतात. तोही स्वच्छ आला तरी आकडीचा विकार नाही असं ठरत नाही. निर्णय डॉक्टरांचाच.

प्रश्न (मोटर दुरुस्ती करणारे, वाळवा तालुका, सांगली) : विहिरीवरच्या ५ एचपी तीन फेज पंपाला एमपीयू६०५० हा कंपन मोजणारा सेन्सर लावून बेअरिंग जायच्या आधी कळेल का? सध्या सेन्सर दुहेरी चिकटपट्टीने चिकटवला आहे. १०० हर्ट्झच्या आसपास मोठं शिखर येतं.

उत्तर : चिकटपट्टी आधी काढा. तिचा फोम वरचं कंपन गिळतो आणि स्वतःही डुलतो. बेअरिंगच्या घरावरचा रंग खरवडून सेन्सरची पट्टी इपॉक्सीने किंवा बोल्टने पक्की करा. प्रत्येक वेळी तीच जागा, तोच अक्ष, व्हॉल्व्ह तितकाच उघडा, हे लिहून ठेवा.

नेमप्लेटवर २८८० आरपीएम असेल तर फेरा ४८ हर्ट्झचा. असमतोल असेल तर ४८ ला शिखर येतं, कपलिंग तिरकं असेल तर बहुधा ९६ लाही. आणि विजेमुळे येणारं कंपन १०० ला असतं. तुमचं शिखर ९६ की १०० हेच ठरवायचं आहे. त्यासाठी निदान ४ सेकंदांची सलग नोंद घ्या. मग रेघांतलं अंतर ०.२५ हर्ट्झ येतं आणि हॅन खिडकी लावूनही दोन्ही शिखरं वेगळी दिसतात. अर्ध्या सेकंदाच्या नोंदीत ती एकत्र मिसळतात. खात्रीसाठी नोंद चालू ठेवून दुसऱ्या माणसाला स्टार्टर बंद करायला सांगा. वीज जाताच शिखर क्षणात नाहीसं झालं तर कारण विजेचं : फेजचे व्होल्टेज असमान आहेत का, स्टेटर सैल आहे का ते पाहा. वेग उतरेल तसं शिखर खाली सरकत गेलं तर कारण यांत्रिक.

बेअरिंगसाठी त्याचा नंबर लागतो. उदाहरणार्थ ६२०५ ला बाहेरच्या रिंगवरचा दोष फेऱ्याच्या ३.५८५ पट दिसतो, म्हणजे ४८ ला १७२ हर्ट्झ. आतल्या रिंगचा ५.४१५ पट, म्हणजे २६०. एमपीयू६०५० चा अ‍ॅक्सेलरोमीटर सेकंदाला १००० वाचनं देतो, पण त्याची बँडविड्थ २६० हर्ट्झलाच संपते. आतल्या रिंगचा दोष अगदी काठावर पडतो. शिवाय नुकताच सुरू झालेला दोष या खालच्या पट्ट्यात दिसतच नाही. बॉल खड्ड्यावरून गेला की धातू काही हजार हर्ट्झला क्षणभर झणाणतो, आणि ते पकडायला पिझो सेन्सर, २० हजारांच्या वरचं सॅम्पलिंग आणि एन्व्हलप (झणाणण्याची चढउताराची बाह्यरेषा) काढायची पद्धत लागते. तुमच्या सेन्सरवर असमतोल, सैल पाया, कपलिंग आणि बरंच पुढे गेलेलं बेअरिंग कळेल. लवकरची सूचना मिळणार नाही.

एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी खाली गेल्यावर एकही ठळक शिखर न येता सगळा पट्टाच वर उचललेला दिसला आणि पंपात खडे घोळल्यासारखा आवाज आला, तर बेअरिंग बदलू नका. ते कॅव्हिटेशन आहे, म्हणजे पंपात पाण्याचे बुडबुडे होऊन फुटणं. सक्शनची उंची मोजा. सिद्धान्तात मर्यादा सुमारे १०.३ मीटर असली तरी प्रत्यक्षात ६-७ मीटरच्या पुढे पंप तक्रार करतो. पंप खाली उतरवा किंवा फूट व्हॉल्व्हची जाळी साफ करा, आणि त्यानंतर पुन्हा ४ सेकंदांची नोंद घेऊन आधीच्या नोंदीशी ताडून पाहा.